अंगावर उठलेला शब्द

मेसोपेत्रा, एपिरस, ग्रीस. १९६१

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा उठलं. दाढी करताना मानेवर एक गांध दिसली. साबण पुसेपर्यंत तीन झाल्या आणि कॉलरचं बटण लावेपर्यंत पाठ, काखा, मांड्या सगळं भरून गेलं. काठाला लाल, मध्ये पांढुरक्या, दाबल्या तर टणक. खाज अशी सुटली की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहिलो. दुपारी जेवायला बसेपर्यंत सगळं गायब. अंगावर एक खूण नाही. कुणाला दाखवावं तर हसतील.

पंधरा दिवसांतली ही चौथी खेप. लग्नाला आज अडतीस दिवस झाले. त्याआधीच्या अठ्ठावन्न वर्षांत माझ्या अंगावर असलं काही उठल्याचं मला आठवत नाही. मी कुणावर काही म्हणत नाही. फक्त तारखा मांडून ठेवतो. एकतीस वर्षं पोस्टात काढली, पोस्टमास्तर होतो. तारखेचा शिक्का पडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही.

सकाळी उठलेलं असताना बायकोला, लाम्ब्रिनीला, पाठ दाखवली. तिनं पाठीकडे जेमतेम पाहिलं, मला खिडकीशी नेलं, हनुवटी धरून उजेडाकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. उठलंय पाठीवर आणि ही बघते डोळे!

"काय बघतेस?"

"काही नाही, मास्तर. बघितलं आपलं."

पहाटे दाढ ठणकायला लागली तेव्हा लाकडांच्या खोपटात जाऊन दोन गोळ्या चघळल्या होत्या. तिच्यासमोर घेत नाही. लग्न ठरवताना माझ्या थोरल्या बहिणीनं, अग्लायानं, हिच्या भावाला सांगितलं होतं, "आमच्या आरिस्तीदिसचा एक दात अजून हललेला नाही." बायको पंधरा वर्षांनी लहान. तिला एवढ्यात किडकी दाढ काय दाखवायची!

२७ फेब्रुवारी, सोमवार

उपासाचे दिवस सुरू झाल्यापासून घरात मांस नाही, अंडं नाही, चीज नाही. लाम्ब्रिनी सकाळी टोपली घेऊन मागच्या उतारावर गेली आणि त्सुक्नीदाचे, त्या खाजऱ्या झुडपाचे, कोवळे शेंडे खुडून आणले. नुसत्या हातांनी. या पाल्याला चुकून कोपर लागला तर माणूस तासभर नाचतो आणि हिच्या बोटांवर साधा लाल ठिपका नाही.

"हाताला लागत नाही तुझ्या?"

"घट्ट धरलं की लागत नाही. भीत भीत हात लावणाऱ्याला लागतं." आणि हसली.

पाला उकळून, कांदा घालून, पातळ पिठाच्या थरांत भरून तिनं भट्टीत पोळी भाजली. चांगली झाली होती. दोन तुकडे खाल्ले. मी जेवत असताना ती जेवत नाही, समोर बसून माझा घास मोजते.

संध्याकाळी पोटावर उठलं. दाढेसाठी गोळ्या घेऊन जरा पडलो होतो, तेवढ्यात.

४ मार्च, शनिवार

डॉक्टर व्हर्दाकिसकडे गेलो. क्रीटचा आहे, सत्तावीस वर्षांचा, बोलतो भराभर. तपासून घ्यायला गेलो तेव्हा अंगावर अर्थातच काही नव्हतं. मी वर्णन करून सांगितलं.

"काही नवीन खाण्यात? मासे, अक्रोड, मध?"

"नवीन म्हणाल तर घरात बायको नवीन आहे."

तो हसला. मी हसलो नाही.

"औषधं? गोळ्या?"

"औषधाला मी जन्मात हात लावलेला नाही." डोकं दुखलं, दाढ दुखली की अख्खं गाव जे तोंडात टाकतं त्याला काही औषध म्हणत नाहीत.

त्यानं जीभ बघायला तोंड उघडायला लावलं. मी जिभेपुरतंच उघडलं. एक इंजेक्शन दिलं आणि यान्निना शहरातल्या कातडीच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहून पाकिटात घालून दिली. "बर्फ वितळलं की जाऊन या," म्हणाला.

बाहेर पडलो तर लाम्ब्रिनी कोपऱ्यावर उभी. "मी कुठं जातो ते तुला कुणी सांगितलं?" म्हटलं. तर म्हणते, "वाणसामान आणायला चालले होते." वाण्याचं दुकान उलट्या दिशेला आहे. पाठीमागे वळून पाहिलं तर ती डॉक्टरच्या दारात शिरत होती.

९ मार्च, गुरुवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही.

एकतीस वर्षांत माझ्या हातून लाखभर पत्रं गेली असतील. लढाईतली, तुरुंगातली, अमेरिकेहून आलेली. एकही उघडलं नाही. आज डॉक्टरचं पाकीट किटलीच्या वाफेवर धरलं. डिंक सुटताना माझेच कान तापले.

आत चार ओळी: "वय ५८. पुनःपुन्हा उद्भवणारी क्नीदोसिस. कारण अज्ञात. घरातील आहाराची बारकाईने चौकशी व्हावी."

क्नीदोसिस. हा शब्द मी आजवर ना वाचला, ना ऐकला. आमच्याकडे अंगावर असं उठलं तर लोक 'रक्त तापलं' म्हणतात. क्नीदोस नावाचं जुनं शहर होतं समुद्रापलीकडे, तिथले वैद्य प्रसिद्ध होते, एवढं शाळेतलं आठवतं. त्या शहराचा रोग आहे का हा?

पण माझं मन अडकलंय शेवटच्या ओळीवर. घरातील आहार. घरात स्वयंपाक कोण करतं?

११ मार्च, शनिवार

मी तिची परीक्षा घ्यायला गेलो आणि अंगावर काटा आला.

जेवताना सहज बोलल्यासारखं विचारलं, "क्नीदोसिस हा शब्द कधी ऐकलायस?"

ती पाव कापत होती. सुरी थांबलीसुद्धा नाही. "त्सुक्नीदाच ना? पुढचा 'त्सु' गळालाय तेवढा. तुमच्या अंगावर उठतं ते तसंच दिसतं, त्सुक्नीदाचा पाला फिरवल्यासारखं. कुठं ऐकलात?"

"कॉफीच्या दुकानात."

लाम्ब्रिनी शाळेत दोन इयत्ता गेली. सही करते तीही नावातलं एक अक्षर गाळून. ज्या शब्दाशी मी, शिकलेला माणूस, दोन दिवस झगडतोय, तो हिला एका दमात कळला. कसा? मनात जे असतं तेच माणसाला चटकन ऐकू येतं. तिच्या मनात त्सुक्नीदा होतीच.

पोळीचा उरलेला तुकडा मांजराला घातला. मांजराला काही झालं नाही. पण मांजराला केस असतात, दिसणार कसं?

१४ मार्च, मंगळवार

शाळेत जाऊन गुरुजींचा मोठा शब्दकोश उघडला. आहे. 'क्नीदी' म्हणजे प्राचीन काळचं त्सुक्नीदाचं नाव. पुढे मूळ धातू दिला आहे: खरवडणे, ओरबाडणे, चिमटा काढणे, मनाविषयी बोलायचं तर, टोचत राहणे.

गुरुजी खांद्यावरून डोकावले. "काय मास्तर, लग्नानंतर काय टोचायला लागलं?"

"शब्दकोडं सोडवतोय," म्हटलं.

बायको खरं बोलली, शब्दकोश साक्षीला आहे. म्हणजे डॉक्टरला ठाऊक आहे की हे त्सुक्नीदाचं काम आहे. 'कारण अज्ञात' लिहिलं ते स्वतःवर काही येऊ नये म्हणून. या बाजूनं विचार केला की सगळं नीट बसतं. चादरी तीच धुते. माझे शर्ट कुठं वाळत घालते? मागच्या उतारावर, झुडपांवर. आणि माझे उतरवलेले कपडे नाकाशी धरून वास घेताना मी तिला दोनदा पाहिलंय. कोण बायको नवऱ्याचे मळके कपडे हुंगते?

डोकं आणि दाढ एकदम ठणकलं. दोन गोळ्या. चारच्या सुमाराला हातांवर उठलं. आज शर्ट मी स्वतः धुतलेला होता, तरी. म्हणजे चादर.

१९ मार्च, रविवार

चर्चमधून परतताना अग्लायानं मला बाजूला घेतलं. ही स्थळ घेऊन आली होती, आता हिलाच झोप नाही.

"तुला सांगू नये असं ठरवलं होतं," म्हणाली. "पण काम्बोखोरीची, तुझ्या बायकोच्या माहेरची, एक बाई भेटली मला. लाम्ब्रिनीचा पहिला नवरा, स्ताथिस. काय वय होतं त्याचं? छत्तीस! चार महिने खाजवत होता म्हणे. पाचव्यात पुरला."

"खाजवत होता?"

"रात्रंदिवस. रक्त येईपर्यंत."

"आणि हे तू लग्नाआधी नाही विचारलंस?"

"अरे बाबा, मी म्हटलं विधवा आहे, शांत आहे, पोरंबाळं नाहीत. मला काय माहीत असलं काही असेल! तू आता माझ्याकडे जेवत जा. दाढेला गोळ्याही माझ्याकडून ने, माझ्या मोठ्या बाटलीत भरपूर आहेत."

बहीण ती बहीण.

घरी आलो तर लाम्ब्रिनीनं खिडकीशी नेऊन पुन्हा डोळे बघितले. खालच्या पापण्या अंगठ्यानं ओढून. आपलं काम कुठवर आलं ते बघते आहे, हे मला आज कळलं.

२५ मार्च, शनिवार

सणाचा आणि स्वातंत्र्यदिनाचा दिवस, आज उपासातही मासा चालतो. खारवलेला मासा तळून लसणीच्या चटणीबरोबर. त्सुक्नीदा नाही, पोळी नाही. तरी दोन तासांत दोन्ही पाय भरले. तेलात घातलं असणार. सकाळी झेंडावंदनाला उभं राहायचं होतं म्हणून दाढ आधीच गप्प करून गेलो होतो, नाहीतर जेवण तरी नीट झालं नसतं.

जेवल्यावर तिनं विचारलं, "खोपटात काय करता तुम्ही?"

"लाकडं मोजतो."

"सकाळी मोजता, संध्याकाळी मोजता."

"थंडी किती उरलीय ते बघायला नको?"

तिनं बशा एकावर एक ठेवल्या. मग म्हणाली, "मास्तर, तुम्ही माझ्यापासून काही लपवता का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. खोपटात गेलो तर फळीवरची गोळ्यांची बाटली हललेली होती. मी लेबल भिंतीकडे ठेवतो, ते माझ्याकडे होतं. म्हणजे आता हिचा हात तिथवर पोचला. ती बाटली फेकून दिली. यापुढे गोळ्या अग्लायाच्याच.

२९ मार्च, बुधवार

पाऊल टाकलं.

कालच्या पोळीचा तुकडा रुमालात लपवला, मेणकागदात गुंडाळला, डब्यात घातला. पोलीस चौकीच्या अधिकाऱ्याला दीड पानी तक्रार लिहिली: विवाहाची तारीख, अंगावर उठण्याच्या अकरा तारखा, पहिल्या नवऱ्याचा संशयास्पद मृत्यू, रोगाचं नाव आणि त्या नावाचा अर्थ. सोबतच्या पदार्थाची तपासणी करावी ही विनंती. अक्षर माझं नेहमी चांगलं असतं.

माझ्या जागी आलेला पोस्टमास्तर डबा वजनावर ठेवत म्हणाला, "चौकीला खाऊ पाठवताय?"

"नोंदणी करून पाठवा," म्हटलं.

घरी येताना हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. लाम्ब्रिनीनं माझे बूट शेकोटीशी वाळत ठेवले होते.

३ एप्रिल, सोमवार

ईस्टरच्या आधीचा आठवडा. उपास कडक पाळायचाय असं सांगून अग्लायाकडे जेवतोय. पाव, ऑलिव्ह, पाणी. मी निघताना लाम्ब्रिनी दारात उभी होती, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून.

तिच्या हातचं काही न खाताही काल थोडं उठलं. चादर बदलायला हवी.

६ एप्रिल, गुरुवार

जिवंत आहे. पेन धरवतंय म्हणून लिहितो.

काल सकाळी अग्लायाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. दाढेनं डोळ्यापुढे तारे चमकवले. तिनं तीन गोळ्या दिल्या, "दोननं काय होतंय तुला!" म्हणून. अर्धा तास झाला असेल. तळवे खाजले, मग टाळू, मग खालचा ओठ जड झाला. हात लावला तर वांग्याएवढा. अग्लाया म्हणाली, "तुझा चेहरा!" मला बोलायचं होतं, पण जीभ तोंडात मावेना. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजायला लागला. बहिणीनं खिडकी उघडून किंकाळी फोडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लाम्ब्रिनी पाणवठ्यावर कपडे धूत होती म्हणे. किंकाळी ऐकून ती माझ्याकडे आलीच नाही, सरळ डॉक्टरकडे धावली, ओल्या अनवाणी पायांनी, चढावर. डॉक्टरला तिनं बाहीला धरून ओढत आणलं. त्याच्या कोटाची शिवण उसवलीय. त्यानं दंडात सुई खुपसली. थोड्या वेळानं छातीत घोडा दौडल्यासारखं झालं आणि हवा आत गेली. नुसती हवा! मी रडलो.

"काय खाल्लं यांनी?" डॉक्टर ओरडला.

अग्लाया त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, "हिच्या हातचं काही नाही! तीन दिवस माझ्याकडे जेवतोय. पाव, ऑलिव्ह, आणि दाढेसाठी तीन ॲस्पिरिन. त्या मीच दिल्या!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. ती खाली बसली.

"ॲस्पिरिन?" डॉक्टर माझ्याकडे वळला. "तुम्ही तर म्हणालात गोळ्या घेत नाही."

मला बोलता येत नव्हतं ते बरंच. लाम्ब्रिनी भिंतीला टेकून धापा टाकत होती. ती म्हणाली, "खोपटात घेतात. लग्न झालं तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. महिन्याभरात तळाला गेली. मी तुम्हाला सांगायला आले होते डॉक्टर, तेव्हा तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत, म्हणालात, नवऱ्यालाच पुन्हा घेऊन ये. ते येतात का माझ्याबरोबर!"

संध्याकाळी आवाज परत आल्यावर मी डॉक्टरला विचारलं, "पण नाव तर त्सुक्नीदाचं आहे."

त्यानं कपाळावर हात मारला. "मास्तर, अहो ते नाव अंगावर काय दिसतं त्याचं आहे. त्सुक्नीदा लागल्यासारखं दिसतं, म्हणून क्नीदोसिस. कशानं झालं ते त्या शब्दात नाही; तुम्हाला ते ॲस्पिरिननं झालं. झाडाचा पाला जवळपास नसला तरी नाव तेच. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बघितलं आणि जसं दिसलं तसं म्हणाला, एवढंच."

"मग 'घरातील आहाराची चौकशी' कशाला लिहिलंत?"

तो थांबला. "ते पाकीट बंद होतं, मास्तर."

मी भिंतीकडे तोंड केलं.

आज लाम्ब्रिनी ईस्टरसाठी अंडी लाल रंगात रंगवतेय. तिनं डोळे बघितले नाहीत. नुसती कपाळावर हात ठेवून गेली.

आणि चौकीत तक्रार आहे. आजपासून सणाची सुट्टी. मंगळवारी पहिल्या बसनं जाऊन परत घेईन. तिला कळायचं कारण नाही.

९ एप्रिल, ईस्टरचा रविवार

अंगणात कोकरू भाजलं. रिवाजाप्रमाणे लाम्ब्रिनीनं माझ्या लाल अंड्यावर आपलं अंडं आपटलं, माझं फुटलं, आणि ती अशी हसली की शेजारीण बघायला आली. मी तिला पहिल्यांदाच इतकं हसताना पाहिलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही.

"काय?" म्हणाली.

"मीठ दे जरा," म्हटलं.

११ एप्रिल, मंगळवार

ज्या बसनं मी खाली जाणार होतो त्याच बसनं हवालदार वर आला. मी कोट घालत होतो तोवर तो दारात. लाम्ब्रिनीनं त्याला खुर्ची दिली, लिकरचा पेला दिला, वर गोडाची बशी.

त्यानं पेल्याला हात न लावता कागद काढला. "तक्रारदार आपण?"

"ते परत घ्यायचंय. मी आत्ता त्यासाठीच निघालो..."

"नियमाप्रमाणे आधी वाचून दाखवावं लागतं."

त्यानं वाचलं. दीड पान. मी किती नेटकं लिहिलं होतं! अकरा तारखा. 'पहिल्या पतीचा संशयास्पद मृत्यू.' हवालदार वाचताना अडखळला असता तर बरं झालं असतं, पण माझं अक्षर वाचायला कुणाला त्रास होत नाही.

लाम्ब्रिनी उभी राहून ऐकत होती. संपल्यावर तिनं हवालदारालाच विचारलं, "त्या डब्यात माझी पोळी होती?"

"होती बाई. आता बुरशी धरलीय. काय करायचं तिचं?"

"मला विचारताय?" मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "स्ताथिसला खाज सुटली तेव्हा तो म्हणाला, खाणीतली धूळ आहे. डोळे पिवळे झाले तेव्हा म्हणाला, उन्हानं. मी विचारत होते, तो 'काही नाही' म्हणत होता. काळीज... काळीज नाही, ते यकृत म्हणतात ना, ते सडलं होतं. 'काही नाही' म्हणतच मेला. तुम्ही खाजवायला लागलात तेव्हापासून रोज डोळे बघत होते, पिवळे होत नाहीत ना. कपड्यांचा वास घेत होते, त्याच्या घामाला कसला तरी वास येत होता तसा येतो का म्हणून. गोळ्या सापडल्या तेव्हा वाटलं, झालं, हाही लपवतोय, हाही जाणार."

मी अर्धा घातलेला कोट काढून खुंटीला लावला.

"सगळ्यांना विचारलंत तुम्ही. बहिणीला, गुरुजींना, शब्दकोशाला, चौकीला. मी समोर बसले होते, मास्तर. मला विचारायचं होतंत."

तिनं गाठोडं बांधलं आणि हवालदाराच्याच बसनं खाली गेली. हवालदारानं गाठोडं उचलायला हात पुढे केला. मला तेही सुचलं नाही.

१५ एप्रिल, शनिवार

डॉक्टरनं दाढ उपटली. तीन मुळं. दहा दिवसांत अंगावर काही उठलेलं नाही.

अग्लाया आली होती. "जाऊ दे, थोडी शांत होईल, आपोआप येईल," म्हणाली. मी तिला म्हटलं, "ताई, ती काम्बोखोरीची बाई कोण, जिनं तुला सांगितलं?" म्हणाली, "बाजारात भेटली, नाव नाही विचारलं." आम्ही दोघं भावंडं एकाच मातीची आहोत.

१८ एप्रिल, मंगळवार

काम्बोखोरी. लाम्ब्रिनीच्या भावाच्या, थोमासच्या गोठ्याच्या माळ्यावर बसून लिहितोय.

थोमास दारातच उभा राहिला. हात माझ्या मांडीएवढे. "माझ्या बहिणीला विषारी म्हणणाऱ्याला माझ्या घरात खुर्ची नाही."

"उभाच राहीन."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खालच्या शेताचा बांध पावसानं पडलाय. हात आहेत ना तुला? नुसते शिक्के मारणारे असले तरी आण."

दिवसभर दगड उचलले. लाम्ब्रिनी दोनदा अंगणातून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. पोस्टातल्या नोकरीत माणूस उचलतो काय, तर पिशवी. बोटं सोलून निघाली आहेत.

२३ एप्रिल, रविवार

सहा दिवस. थोमासची बायको माळ्याच्या शिडीशी जेवण ठेवून जाते. थोमास आता शिव्या देताना नाव घेऊन देतो, ही प्रगती समजायची का ते कळत नाही. आज म्हणाला, "तू दगड असा ठेवतोस जसं पाकिटावर तिकीट चिकटवतोस. आधी फिरवून बघ रे त्याला, कुठल्या बाजूनं बसायचंय ते."

लाम्ब्रिनीशी बोलायचं काय, हे रोज मनात लिहितो आणि रोज खोडतो. इतकं मात्र ठरवलंय: पुन्हा कधी तिला संशयानं एक प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. ती जे देईल ते डोळे मिटून घ्यायचं.

३० एप्रिल, रविवार

बांध काल पुरा झाला. आज दुपारी शिडीशी वाटी आली नाही. खाली उतरलो तर अंगणातल्या बाकावर मांडलेली होती आणि लाम्ब्रिनी जवळ उभी होती. दाट काहीतरी होतं, वाफाळतं, तांबूस. मी बसलो. काय आहे ते पाहिलं नाही, वास घेतला नाही, चमचा भरून तोंडात घातला. एक, दोन, पाच घास. ती बघत होती.

"कसं झालंय?"

"चांगलं."

"कशाचं आहे?"

"ते मी विचारणार नाही," म्हणालो. हे वाक्य मी बारा दिवस घासूनपुसून ठेवलं होतं. "तू दिलंस, मी खाल्लं. आता कधीच काही विचारणार नाही, लाम्ब्रिनी."

मला वाटलं होतं तिचा चेहरा निवळेल. तिनं माझ्यापुढची वाटी ओढून घेतली.

"मग काय बदललं? तेव्हा न विचारता घाबरत होतास, आता न विचारता शूर झालायस. तुझ्या पोटात काय चाललंय ते मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळणार नाही. असा गप्प माणूस मी एक पुरलाय. दुसरा नको मला."

"मग काय करू?"

"विचार."

"काय विचारू?"

"यात काय घातलंय ते विचार. माझ्याकडे बघून. मोठ्यानं."

गोठ्याच्या दारात थोमास खराटा धरून उभा होता, ऐकत नसल्यासारखा. मी तिच्याकडे पाहिलं. या बाईचे डोळे करडे आहेत. साडेतीन महिन्यांत मी नीट पाहिले नव्हते, तीच माझे बघत होती. एवढीशी गोष्ट, पण चौकीला दीड पान लिहिताना जितका घाम आला नव्हता तितका आला.

"यात काय घातलंयस?"

"पांढरे घेवडे," ती म्हणाली. "कांदा. दोन गाजरं. टोमॅटो मागच्या वर्षीचा, बाटलीतला. तेल आमच्या थोमासचं नाही, विकतचं, कारण त्याचं संपलंय. आणि एक तमालपत्र, ते खायचं नाही, बाजूला काढायचं. आणखी काय विचारायचंय?"

"काही नाही," म्हणणार होतो. तोंडावर आलेलं गिळलं.

"मीठ दोनदा घातलंयस का? फार खारट झालंय."

"हो," ती म्हणाली. "दोनदा पडलं. माझं लक्ष नव्हतं."

आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे सरकवून, दुसरा चमचा घेऊन बाकावर बसली.